मालिनीकाकूंचा अर्ज

मालिनी गेल्याचं हॉटेलच्या लाँड्रीत कळलं, त्या दिवशी तिथली मशिन्स तासभर बंद राहिली. हे तिच्या नवऱ्याला, त्र्यंबकला, दहा दिवसांनी डेव्हन ॲव्हेन्यूच्या बसमध्ये कळलं. पुढच्या सीटवर तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोघी बोलत होत्या. त्या त्याला ओळखत नव्हत्या.

"संपावर मतदान घ्या म्हणून युनियनकडे अर्ज केला, तो परत आला ना गं?"

"येणारच! सह्या केल्या सासरच्या नावांनी आणि पगाराच्या यादीत पासपोर्टातली माहेरची."

"मालिनीकाकू काय भडकल्या होत्या!"

"भडकल्या, पण घरोघर जाऊन सगळ्या सह्या परत घेतल्या. वर माझ्या पोह्यांत मीठ कमी म्हणाल्या."

त्र्यंबक गालात हसला.

"आता त्याच गेल्या, त्यांची सही धरणार नाहीत. एक कमी पडते."

"शोभनाची सही राहिलीय की. नवऱ्याला घाबरते."

"उद्या शेवटचा दिवस आहे, यार. तिच्याकडे कोण जाणार?"

त्र्यंबक पुढे वाकला आणि त्याने शोभनाचा पत्ता विचारला.