लालमहंमद मास्तरांचा बुडालेला राजा

...तीन आठवडे! आता मला सांगा, तीन आठवडे लालमहंमद मास्तर एकाच राजावर घसा कोरडा करत होते, अन् भूमच्या शाळेतली ती सातवीची पोरं... हां, निजामाचं राज होतं तवाची गोष्ट, त्रेचाळीस सालची... ती पोरं काय म्हणायची? ‘मास्तर, परीक्षेला कोणतं लिवायचं?’

जुनं फारशी काव्य हो! त्यातल्या राजाला ज्योतिषी सांगतो, ‘तुझं तख्त जाणार.’ ज्योतिषी कोठडीत! वजीर म्हणतो, ‘हुजूर, हे बरं न्हाय.’ वजीर कोठडीत! सख्खा भाऊ, तोबी आत! शेवटी दुश्मन आला, राजा बुडाला, काव्य संपलं. पण मास्तरांचं कुठं संपतंय? सत्तेच्या मस्तीनं बुडाला, नशिबानं बुडाला, का स्वतःच्याच करणीनं? तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आणून सांगायचे, ‘लेकरांनो, ह्याला एकच उत्तर न्हाय! डोकं चालवा!’ पोरं माना डोलवायची अन् विचारायची... काय? तेच! ‘परीक्षेला कोणतं लिवायचं?’

घरी येऊन मास्तर बायकोवर, सायराबीवर करवादायचे, ‘दगडाला शिकवलं असतं तर...’

‘तर दगडानंबी हेच इचारलं असतं. जेवा आता.’

अन् अशात शाळा तपासायला मोठे साहेब आले! मिशीला पीळ देत त्यांनी नेमकं तेच विचारलं, ‘बोलो, बादशाह क्यों डूबा?’ पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मास्तरांना धास्ती... आता कुणी साहेबालाच ‘परीक्षेला कोणतं लिवायचं’ म्हणतंय का काय... तोवर मागच्या बाकावरनं कस्तुराबाईचा लेक श्रीमंत उठला! वर्षभर तोंड न उघडलेलं पोरगं!

‘साहेब, नशिबाला कशाला बोल लावायचा? खरं बोलणारे समदे त्यानंच कोंडले. दुश्मन वेशीत आलाय हे सांगायला मागं राहिलंच कोण? कुठलंबी राज असंच बुडतं.’

कुठलंबी! मास्तरांचा ऊर भरून आला हो... अन् त्याच दमात ध्यानात आलं, कुठलंबी म्हणजे निजामाचंबी! साहेब खुर्चीतनं उठलेच की! ‘कुठलंबी म्हणजे कोणतं? किसने सिखाया ये?’

मास्तरांनी श्रीमंतकडं बघितलं. उत्तर पोराचंच म्हणावं, तर पोरगं शाळेतनं जातंय, वर बापाला चावडीवर बोलावणं. अन् न म्हणावं, तर? जन्मात एकदा एका पोरानं आपल्या डोक्यानं उत्तर दिलं, अन् तेबी त्याच्याकडनं काढून घ्यायचं...

‘मीच, हुजूर,’ मास्तर म्हणाले. ‘शब्दन् शब्द मीच घोकून घेतला. पोरांना काय कळतंय?’ बोलताना जीभ जळत होती त्यांची!

तिसऱ्या दिवशी हुकूम. बदली, माकणीला, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला! गाडीत ट्रंका चढल्या, सायराबी बसली, तेवढ्यात श्रीमंत धावत आला, रागानं नुसता लाल.

‘मास्तर, खोटं का बोललात? तुमी कवा घोकून घेतलं? ते उत्तर माझं होतं!’

मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, इकडंतिकडं बघितलं अन् म्हणाले, ‘व्हय रे लेकरा, तुझंच. पण जरा हळू बोल... साहेब अजून डाकबंगल्यातच हायेत.’