ओरनचा गळा

हलू नका हो, वस्तरा आहे हातात — हो, मीच तो. पोस्टरवर मधोमध असायचा ना, तो फिन्टन. हसू नका, तेव्हा केस होते डोक्यावर! आम्ही पाच जण, सगळे इथले, लाँगफर्डचेच — ओरन मुलवी तर लहानपणी शेजारी, भिंतीला भिंत. डब्लिनच्या एका मॅनेजरने आम्हाला उचललं आणि वर्षभरात, काय सांगू, पोरी विमानतळावर रडायच्या! स्टेजवर पाच स्टुलं मांडायची, बसून गायचं, आणि शेवटी सूर वर चढला की पाचही जणांनी एकदम उठायचं. बस्. त्या एका उठण्यावर अर्धं जग फिरलो.

गायचं कोण? मी — छे! मान सरळ ठेवा. माझा गळा म्हणजे फुटकं मडकं. ओरनचा आवाज मात्र... पण अंगाने जाड, त्यात लाजरा. मॅनेजर म्हणाला, आवाज याचा, तोंड त्याचं. रेकॉर्डवर ओरन गायला, स्टेजवर ओठ हलवले मी, आणि तो बसला कडेच्या स्टुलावर. त्याला चालेल का, विचारलं कुणी? मीही नाही विचारलं. घरीसुद्धा बोलायचं नाही, असं लिहून घेतलेलं. "आईला कळलं तर मॅनेजरला लाटण्याने बडवेल," एवढंच म्हणायचा, हसून.

तिसाव्या वर्षी गेला. रस्त्यावर बर्फ, गाडी घसरली. चर्चमध्ये अख्खं गाव — आणि त्याची आई, डेलिया काकू, माझा हात धरून म्हणते, "फिन्टन बाळा, तुझं ते गाणं म्हण रे त्याच्यासाठी." नाही म्हणता येतं? शवपेटीसमोर, आईला? म्हटलं, घसा बसलाय, रेकॉर्ड लावू, मी सोबत म्हणतो. लावली. पेटीत ओरन, वर ओरनच गातोय, आणि मी आपला ओठ हलवतोय! सूर चढला तसे आमचे तिघं सवयीने बाकावरून उठले — आणि मी, शपथ, पेटीकडे बघितलं. आता हाही उठतो की काय! काकू रडत म्हणाली, "देवाने काय गळा दिलाय रे तुला!" तिने कसा ओळखला नाही? स्टुडिओत घासूनपुसून गुळगुळीत केलेला ना तो आवाज.

दर नाताळाला सांगायचं म्हणून जातो. ती चहा ठेवते, रेकॉर्ड लावते, "गा की रे" म्हणते — आणि माझी दातखीळ बसते. म्हणजे ओठ हलतात, ते हलतातच. एकोणीस वर्षं! पण या रविवारी नक्की. म्हणणार, काकू, माझ्याकडे बघू नकोस, डोळे मिट आणि ऐक, हा तुझा ओरन —

श्श. थांबा. रेडिओवर मयतांची नावं वाचतायत. एवढा वेळ कात्री थांबवतो आम्ही इथे.

...काय म्हणाला तो? मुलवी? डेलिया — आज पहाटे, राहत्या घरी...

उठा. हो, अर्धीच झालीय दाढी, दिसतंय मला. हा टॉवेल घ्या, तोंड पुसा आणि जा. दुकान बंद. अहो, जा ना! मुलवींकडचं कुणीतरी येईल आता, मला गायला बोलवायला.