बेट (ऐच्छिक)

नाही, चहा नको. गेल्या वेळी चहा पाजूनच गप्प बसवलंस मला, आणि त्याचं फळ हे — धर, उलगड. तो स्टेपलर उचल आधी टेबलावरचा. उलगड म्हणतो ना. मोताळ्याच्या बसस्टँडसमोर खांबाला बांधलेलं होतं, मी स्वतः सोडवून आणलं, दोरीसकट. पानवाल्याकडून स्टूल मागून घेतलं. रिटायर माणूस स्टुलावर चढून स्वतःचाच फोटो खाली उतरवतोय, हे बघायला माणसं थांबली होती. एकानं विचारलं, काका, वाढदिवस होऊन गेला काय? वाच. मोठ्यानं वाच हर्षल, तुझ्याच ट्रॅव्हल्सच्या दुकानाचा माल आहे. ‘थायलंड धम्म सहल. बुद्धभूमीचे पुण्यदर्शन. मार्गदर्शक, आदरणीय गुलाबराव.’ उभी नोकरी पंचायत समितीत कारकुनी केली, एकाही साहेबानं आदरणीय म्हटलं नाही; ते मी तुझ्या फ्लेक्सवर झालो. आणि बुद्धभूमी म्हणे. तथागत आयुष्यभर पायी फिरले, बाबा, समुद्र ओलांडून थायलंडला गेले नव्हते. आणि ते पुण्य कुठून काढलंस यात? पुण्य कमवायला निघालो असतो तर चपला विहाराच्या दारात काढल्या असत्या. मला चपला काढायच्या होत्या. वाळूत.

बस, बस खाली. उभा राहून हात जोडलेस की माझा राग जाईल असं तुला वाटतं, तर तो जात नाही. गेल्या महिन्यात याच खुर्चीत बसून मी तुला काय सांगितलं होतं? मी सांगतो, तुझ्या लक्षात नसेल. दोन माणसं, मी आणि उत्तमराव. एक बेट. आठवडाभर. बस. पुढं काही नाही, सोबत कोणी नाही, दर्शन नाही. हॉटेलचं नावसुद्धा मी तुला शोधून आणून दिलं होतं — कोह समुई बेटावरचं, समुद्राच्या अगदी काठावरचं, माडांच्या सावलीत छोट्या छोट्या झोपड्यांसारख्या खोल्या असलेलं. तुला फक्त तिकीट काढायचं होतं. त्याऐवजी तू काय काढलंस? मिरवणूक. वीस-बावीस माणसं, एक स्वयंपाकी आणि त्याची शेगडी. थायलंडला शेगडी. का, तर आपल्या लोकांना तिकडचं चालत नाही. निवृत्त शिक्षिका शालूबाई परवा मला बाजारात भेटल्या, म्हणाल्या, मार्गदर्शक, मी ठेचा दोन बरण्या घेते, तुम्ही लोणचं बघा. आणि कार्यक्रमपत्रिका — ही बघ — सकाळी वंदना, मग विहार, मग दुसरा विहार, मग रत्नांची फॅक्टरी, आणि पाचव्या दिवशी, सगळ्यात खाली, बारीक टायपात, ‘बेट, ऐच्छिक, अर्धा दिवस’. जे मागितलं ते कंसात घातलंस तू. कंसात. आणि लाइफ जॅकेट सक्तीचं.

नाही, माझा धर्म मला शिकवू नको. बुद्धगयेला जाऊन आलोय, सारनाथला जाऊन आलोय, दीक्षाभूमीला तर दरसाल जातो, उन्हातान्हात, रांगेत. ते माझं आहे आणि ते मी भरपूर केलं. पण बौद्ध माणसानं थायलंड म्हटलं की तो मूर्ती बघायलाच जाणार, हे कोणी ठरवलं? तुमच्याकडचा कोणी गोव्याला निघाला की त्याला मंगेशीचं दर्शन करून आणता का बळजबरीनं? त्याला विचारता, काका, बीच साइड की गार्डन साइड. मला विचारलं तू? बौद्ध म्हटल्यावर माझी साइड ठरलेली.

का म्हणजे? अंदमान का नाही म्हणतोस? अंदमान मी आधी बघितलं होतं. पण अर्धा बुलढाणा एलटीसीवर अंदमानला जाऊन आलाय, उरलेला अर्धा निघालाय. तिथल्या बोटीत बसावं आणि मागून कोणीतरी म्हणावं, काय गुलाबराव, तुम्ही बी? — तर नको. मॉरिशस बघितलं, लांब पडतं, उत्तमरावचे गुडघे तेवढं बसू देत नाहीत. मालदीव खोडलं. सुंदर आहे, फोटोत पाणी बघून डोळे निवतात, पण कायद्यामुळे खोडलं. कायदा म्हणजे — असतात कायदे. प्रत्येक देशाचे असतात. मला वाचायची सवय आहे, आधी नियम वाचायचा मग अर्ज करायचा. तुरुंगवास आहे तिथे. कशाबद्दल म्हणजे? दारूबद्दल नाही. आम्ही दोघंही पीत नाही. तू — तू पाणी दे मला जरा. थंड नको, माठातलं दे.

हां.

बरं, हे खोल्यांचं बघ. हे तर मी मघाशी बोललोच नाही. ‘ट्रिपल शेअरिंग.’ मी, एक निवृत्त तलाठी, आणि पोटाचं ऑपरेशन झालेला एक ग्रामसेवक. आणि उत्तमराव? उत्तमराव स्वयंपाक्याबरोबर. हे वाटप कोणत्या नियमानं केलंस? मी तुला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं ना, एक खोली, एक मोठा पलंग, खिडकी समुद्राकडे — तू तेव्हा हसून म्हणालास, काका, दोन सिंगल बेड करून देतो, आरामशीर झोपा. मी म्हणालो, नको, एकच. तू म्हणालास, अहो अडचण होईल. मी म्हणालो, अडचणीचीच सवय आहे आता, एकच दे. म्हणालो ना असं? मग त्यावर तुझ्या टाळक्यात काही — नाही. नाही शिरलं. कोणाच्याच नाही शिरत. दोन म्हातारे, एक पलंग, म्हणजे काटकसर.

बघू नको असा. तोंड मिट. कळलं असेल तर कळलं, नसेल कळलं तर सोडून दे. पण एक ऐकून ठेव — माझं नाव तुला कुठं घ्यायचं तिथं घे, मला पोर नाही बाळ नाही, पेन्शन माझ्या खात्यात येते, वाचनालयवाले फार तर मला वर्गणी मागायची बंद करतील. पण उत्तमरावचं नाव या दुकानाच्या उंबऱ्याबाहेर गेलं ना, तर मी — काय करीन मी? काही नाही करू शकणार. पण जाऊ देऊ नको. त्याला घर आहे, गाव आहे, पोरगा सोसायटीची निवडणूक लढवून राह्यला. कळलं ना? हो म्हण. असं मान हलवून नाही, तोंडानं म्हण.

आता तू विचारशील, इतक्या लांब कशाला. विचार, चेहऱ्यावर दिसतंय. इथं काय अडतं तुमचं, दोन माणसांना कोण अडवतं. खरं आहे, कोणीच नाही अडवत. अकोल्याच्या लॉजमध्ये, औरंगाबादच्या लॉजमध्ये आम्ही दोघं उतरलो आहोत, मॅनेजर मान वर न करता किल्ली द्यायचा; आमच्या मागं उभ्या असलेल्या नवराबायकोला मात्र लग्नाची पत्रिका मागायचा. मोताळ्याच्या आठवडी बाजारात उत्तमराव माझा हात धरून चालायचा, सगळेच चालतात, कोणाला काय त्याचं. आणि गावात जी काही कुजबुज झाली ती वेगळीच. मी बौद्ध, तो पाटलाच्या घरातला. भावकीनं त्याला पारावर बसवून विचारलं, तू त्याच्या घरी पाणी पितो म्हणे? भाकर खातो म्हणे? तो म्हणाला, हो, खातो. झालं, तिथंच सगळे अडकले. भाकरीवरून इतके तापले, इतके तापले, की पुढचा प्रश्न विचारायला कोणाला सवडच उरली नाही. माझ्या जातीच्या आडोशाला राहिलो आम्ही, हर्षल. हसायला येतं ना? मलाही येतं. मग रात्री येत नाही.

कोणी कधी अडवलं नाही, हाच तर राग आहे माझा. अडवायला आधी दिसावं लागतं. त्याची बायको झुंबरबाई गेली, तेव्हा त्याच्या दाराशी लोक त्याला भेटायला येत होते, त्याच्यापाशी बसत होते, आणि मी मांडववाल्याकडून खुर्च्या मोजून घेत होतो. चांगली बाई होती. मला भाऊजी म्हणायची, ज्वारीच्या बिबड्या-पापड करून पाठवायची, आणि तिला जेवढं कळत होतं तेवढं या सगळ्या तालुक्याला कळलं नाही. ते जाऊ दे. मी गेलो की उत्तमराव काय करेल? खुर्च्या मोजेल. मित्र होता म्हणतील, फार जुना मित्र, वाचनवेडा होता. म्हणून म्हटलं एकदा, एकदाच, अशा ठिकाणी जाऊ जिथं आपल्याला बघितल्यावर समोरच्याला बरोबर कळेल. त्या हॉटेलच्या पानावर लिहिलंय, सर्व प्रकारच्या जोडप्यांचं स्वागत. मी ते किती वेळा वाचलं. भाषांतर करून उत्तमरावला वाचून दाखवलं. त्या देशात या जानेवारीपासून आमच्यासारख्यांची लग्नंही लागतात, तेही सांगितलं. तो म्हणाला, ‘आता कोण लगन लावते बे आपलं, गुडघे गेले माहे.’ पण पासपोर्ट काढायला आला ना तो. पोलीस चौकशीला घरी आला तेव्हा पोरानं विचारलं, बाबा, कुठं निघाले? तर म्हणाला, समुद्र पाह्यले. आख्ख्या जन्मात पहिल्यांदा खरं बोलला घरात.

आणि मग तू हे लावलंस मोताळ्याच्या स्टँडवर. त्याच्या गावात. मी काल त्याला फोन केला, मला वाटलं तो चिडला असेल, घाबरला असेल. तर तोच मला समजावतो. म्हणे, ‘जाऊ दे ना गुलाब, त्या पोट्ट्यानं केलं तं केलं. सोबत झाली. दोघंच गेलो असतो तं लोकं म्हणले असते, हे काऊन चालले दोघं?’ समजूतदार आहे तो. नेहमीच होता. गर्दीत त्याला बरं वाटतं — लग्न असो, सभा असो, माणसांचा घोळका असला की त्याचा आवाज मोकळा होतो. पण तुझ्यामुळं त्या बिचाऱ्यावर —

काय?

कोणी सांगितलं? — पुन्हा बोल. हळू काऊन बोलून राह्यला, तुझंच दुकान आहे ना?

उत्तमराव. हा उत्तमराव? तो इथं आला होता? माझ्या माघारी? — खोटं बोलू नको. तो एकटा बुलढाण्याला येत नाही, आला की माझ्याकडे येतो. हे बघ, स्वतःची चूक म्हाताऱ्या माणसावर ढकलायची ही पद्धत मी उभ्या नोकरीत पाहिलीय, वरचा खालच्यावर ढकलतो, खालचा शिपायावर. त्याला कशाला हवी असेल धम्म सहल? त्याला वंदना येत नाही, त्याला — काय म्हणाला? ‘गुलाबरावाच्या नावानं ग्रुप काढ, मी त्याच्या सोबतीले म्हणून जातो, म्हणजे घरचे काही म्हणत नाहीत.’ असं म्हणाला? ‘अन् त्याले सांगू नको.’ हेही म्हणाला?

नाही. नाही, थांब. तू बनवतोस. तुला आवाज बरोबर काढता येतो त्याचा, एवढंच.

हा फोटो कुठून आणलास? मी समजत होतो पासपोर्टचा लावलास. पासपोर्टच्या फोटोत हसू देत नाहीत. मी यात हसतोय. सरकव जरा इकडं, चष्मा — मागं हे पाणी आहे. लोणारचं. कड्यावरून काढलेला आहे हा. उत्तमराव तिथल्या एका फुगेवाल्याला म्हणाला होता, घे रे, आमचा दोघांचा एक घे. माझ्या फोनमध्ये नाही हा. मी मागितला होता, तर म्हणाला, माझ्याजवळ आहे ना, मंग झालं तं.

आणि इथं बघ. माझ्या उजव्या खांद्यावर. ही काय आहेत? सावली नाही ती. बोटं आहेत. चार. कापणाऱ्यानं चांगलं कापलंय, मनगटापासून पुढचा आख्खा माणूस काढून टाकलाय, पण बोटं राहून गेली खांद्यावर. तुझ्या मोताळ्याच्या स्टँडवर, सगळ्या गावासमोर, लटकत होती ती.

बोलू नको काही. तुझ्यावर नाही राग आता. तुझ्यावर उगाच खर्च केला.

माझं नाव काढ. नाही, आजारी वगैरे लिहू नको, मी ठणठणीत आहे. मार्गदर्शक शालूबाईंना कर, त्यांना आवाज आहे, वंदना त्या माझ्यापेक्षा चांगली घेतात. सहल होऊ दे, लोकांनी ठेचे कुटलेत. बेट ऐच्छिकच राहू दे. तो जाईल. ग्रुप आहे ना, तो जाईल. जॅकेट घालून बोटीत सगळ्यांच्या मधोमध बसेल आणि काठावर कोणी विचारलं तर सांगेल, समुद्र पाह्यले आलो.

तो येईल तुझ्याकडे, एक-दोन दिवसांत, विचारायला, गुलाबराव काऊन नाही म्हणते. मोटरसायकल पलीकडच्या गल्लीत लावेल आणि आत शिरताना आधी दोन्हीकडे बघेल. त्याला फोन करून बोलावू नको, आपणच येऊ दे. आला की हे फ्लेक्स दे त्याच्या हातात. सोयाबीनची गंजी उघडी पडलीय त्याची शेतात, झाकायला कामी येईल. छापलेली बाजू खाली करून टाक म्हणावं. उन्हानं रंग उडतो, आणि लोकांनाही दिसायला नको.

नाही, दुसरा निरोप नाही. गुंडाळ ते.