फ्रिजच्या चपला

...आणि वर मलाच म्हणतात, तुला भास होतो! मला! अहो, तुम्हाला सांगते, कारखान्यात मी दिवसाला दीडशे फ्रिज तपासते. एक चिमटा फ्रिजच्या पत्र्याला, दुसरा प्लगच्या जाड पिनेला, हिरवा दिवा लागला तर माल दुकानात, नाही तर परत आत. माझ्या शिक्क्याशिवाय भलेभले साहेबही माल हलवत नाहीत! आणि घरी? घरच्या फ्रिजला हात लावला की खांद्यापर्यंत झिणझिण्या, आणि सासरे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "सूनबाई, भास होतो तुला."

बरं, भास माझा एकटीचा, तर मग फ्रिजसमोर तो रबरी चपलांचा जोड कशाला हो? फ्रिजच्या चपला! पायात सरकवायच्या, दार उघडायचं, दूध काढायचं, चपला जागेवर. बावीस वर्षं! घरी कुणी आलं नि पाणी घ्यायला उठलं की सासूबाई आधी चपला पुढे करतात... आणि मला म्हणतात, भास होतो!

मीही चालवून घेतलं असतं. पण आमची लेक अकरा महिन्यांची, धरून उभी राहायला लागली, आणि बाईसाहेबांना धरायला काय सापडावं? फ्रिजचं दार! अनवाणी, लाळेनं हात ओले... हात दाराला लागायच्या आतच उचलली तिला. खोटं कशाला सांगू, रडले मी. आणि तिथल्या तिथे प्लग उपटला.

घरात हाहाकार! "दूध नासेल!" सासूबाई. "वायरिंग मी स्वतः केलंय!" सासरे. "तीन भोकं आहेत ना सॉकेटला? मग अर्थिंग आहे!" म्हटलं, थांबा. दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून सॉकेट तपासायचा दिव्यांचा प्लग आणला. अर्थिंग असेल तर दोन दिवे लागले पाहिजेत, लागला एकच. सासरे म्हणतात, "तुझा प्लगच बिघडलाय." मग मीच गेले शेजारी, लावला... दोन! आले घरी, लावला... एक! आता बोला!

शेवटी मेन स्विच बंद करून सासऱ्यांनीच सॉकेट खोललं. वरच्या, अर्थिंगच्या भोकामागे वायरच नाही! "कुणी काढली?" कडाडले. सासूबाईंनी शांतपणे गॅलरीकडे बोट केलं. "ती काय, हिरवी. तुम्हीच बांधलीत ना कपडे वाळत घालायला? म्हणालात, दोन वायरींवर सगळं चालतंय, तिसरी उगाच भिंतीत कशाला गाडायची!" बावीस वर्षं, अहो, आमचे टॉवेल अर्थिंगवर आणि फ्रिज वाऱ्यावर!

वायरमननं मेन बोर्डापासून नवी वायर ओढली, फ्रिजमागची झिजलेली वायरही बदलली. लावला प्लग... दोन दिवे! चपला दिल्या भिरकावून, अनवाणी उभी राहिले, ओला तळवा दारावर ठेवला... काही नाही! गार पत्रा, बस्स! जिंकले हो मी! लेकीला स्वतः नेऊन दाराला धरून उभी केली. आणि सासरे वायरमनला सांगतायत, "मी केव्हापासून म्हणतोय, सॉकेट बघायला हवं." घ्या! आणि मला म्हणत होते, भास होतो!

आता सगळं घर येता-जाता फ्रिज उघडतं. नवरा, सासरे, शेजारचेसुद्धा. संध्याकाळी मी दमूनभागून येते, दार उघडते, आत दिवा छान लागतो... आणि त्या उजेडात पाण्याची एक बाटली, तीही अर्धी.