टोपीवालीची मान

चिकनवाला : ...आणि डॉक्टरबाई, याला टोचणारी तीच टोपीवाली निघाली, तर आज तिची मान आणि माझी सुरी. सांगून ठेवतो.

बायको : ऐकलंत? माझ्या सहा कोंबड्या होत्या अंगणात. या मूठभर पिल्लापायी यांनी चार कापल्या. उरली डोक्यावर टोपीसारखा पिसांचा झुबका असलेली ती टोपीवाली आणि एक लंगडी. दिवसभर दुकानात कापून हौस फिटत नाही माणसाची!

चिकनवाला : रक्त काढलं होतं याचं त्यांनी. जी जवळ दिसली ती कापली.

डॉक्टर : भांडण बाहेर, पिल्लू टेबलावर. अगंबाई! हे पिल्लू आहे की भांडी घासायचा काथ्या?

चिकनवाला : हसू नका. जगेल का तेवढं सांगा. जगणार नसेल तर मीच सोडवतो. एक झटका. त्याला कळणारसुद्धा नाही.

डॉक्टर : आणि तुम्हाला?

बायको : यांना? रात्री उठून टोपलीला कान लावतात, श्वास चालू आहे का म्हणून. माझ्या बाळंतपणात ढाराढूर घोरत होते.

डॉक्टर : आणलंत कुठून हे?

चिकनवाला : कापायच्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यात आलं चुकून. पुढची ओढायला हात घातला, तर हे मनगटावर चढून बसलं. दुसऱ्या हातात सुरी. आता काय करणार माणूस?

बायको : घरी आणणार! दुसरं काय करणार?

डॉक्टर : जरा गप्प, ऐकू दे. छातीत घरघर नाही. डोळे टपोरे, पाणी नाही. गळ्याची पिशवी दाण्यांनी टम्म. शेपटीखाली स्वच्छ. आता उताणं टाकते... आई गं! पालथं होऊन माझ्याच बोटाला चोच मारली! अहो, आजारी कसलं, हे तुम्हाला पोचवून येईल.

चिकनवाला : मग डोक्यावर खपल्या कशाच्या? पाठीवरची पिसं अशी चिकटलेली का? टोपीवालीच! म्हटलं नव्हतं मी?

बायको : तिला हात लावून तर बघा. तुमची सुरी मलाही धरता येते, आणि मी कोंबडीवर थांबणार नाही.

डॉक्टर : थांबा दोघंही. हा ओला कापूस पाठीवरून फिरवला. लाल झाला. दिसतंय? आता पिसं बाजूला करते. कातडी बघा.

चिकनवाला : इथे तर जखमच नाही.

डॉक्टर : मग हे रक्त कुणाचं? दुकानातून घरी आलात की पहिलं काय करता?

चिकनवाला : याला बघतो. जरा कुरवाळतो. डोक्यावरून, पाठीवरून... अंगठ्याने, हलकेच.

डॉक्टर : हात धुऊन?

चिकनवाला : दुकानात बादलीत बुचकळतो की.

बायको : त्याच बादलीत सुरी बुचकळतात, तोच फडका पिळतात. घरी आले की चप्पलसुद्धा न काढता टोपलीकडे!

(चिकनवाला आपल्या नखांकडे बघत राहतो.)

डॉक्टर : कोंबडीला लाल दिसलं की ती टोचते. एकीने टोचून खरं रक्त काढलं की बाकीच्या तुटून पडतात. तुम्ही याला रोज रंगवून त्यांच्यात सोडत होतात. टोपीवालीला कापा, लंगडी टोचेल. तिला कापा, शेजाऱ्यांची येऊन टोचेल.

चिकनवाला : म्हणजे त्या चौघी...

बायको : त्यातली एक अंड्यांवर बसली होती. तिथून ओढून नेलीत तुम्ही तिला.

डॉक्टर : हं. डोक्याला मलम लावलंय. खपल्या पडेपर्यंत वेगळं ठेवा. धरा, न्या घरी.

चिकनवाला : माझ्याकडे नको. हिच्याकडे द्या.

बायको : अहो, धडपडतंय ते माझ्या हातात. तुमच्याकडेच यायचंय त्याला.

चिकनवाला : धर घट्ट. डॉक्टरबाई, तुमचा नळ कुठे आहे?