ग्रॅहमचे दगड

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या हॉस्पिस समितीचे प्रमुख आदरणीय क्लिफर्ड बेनसनसाहेब, व्यासपीठावरच्या रेव्हरंड ज्युडिथबाई, पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसलेल्या एडनाबाई मेटकाफ, जिच्या सत्कारासाठी आपण सगळे जमलो ती माझी पत्नी मॉरीन, आणि पावसातून चालत आलेल्या थॉर्नबेकच्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मी इथे वर येताना कानात असंही म्हणाले की, "नेव्हिल, दोनच हं. नंतर सोडत काढायची आहे." साहेब, सोडतीतली खाऊची टोपली कुठे पळून जात नाही. आज मला जरा वेळ लागणार आहे. आणि चहाची किटली कोणीतरी गॅसवरून उतरवा, मागच्यांना ऐकू येत नसेल.

मी वक्ता नाही. जन्मभर बस चालवली. चालवण्यापेक्षा थांब्यावर थांबण्यातच माझं आयुष्य गेलं म्हणायला हरकत नाही. मॉरीन मला भेटली तीही बसमध्येच. नवरा गेल्यावर ती दर गुरुवारी हॉस्पिसमध्ये, अखेरच्या आजारातल्या माणसांच्या मदतीला जायची, माझ्या मागच्याच सीटवर बसायची. वर्षभर मी तिला फक्त "सांभाळून उतरा" एवढंच म्हणालो. पुढचं तिनेच बोलून घेतलं.

तिचा तो नवरा, ग्रॅहम मेटकाफ, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. एडनाबाईंचा मुलगा. त्याच्याबद्दल आज सर्वांनी इतकं सुंदर सांगितलं की मी त्यात काय भर घालणार? अर्ध्या गावाचे बॉयलर त्याने फुकट दुरुस्त केले. चर्चमध्ये गायचा. क्रिकेटमध्ये यष्टीमागे उभा राहायचा. आमच्या घरातला बॉयलरही त्यानेच बसवलेला, आणि तो मेला अजून बंद पडत नाही. मी बसवलेली फळी महिन्याभरात खाली आली, कपबशांसकट. सांगा, अशा माणसापुढे कोणाचा टिकाव लागणार? गेलेला माणूस घोरत नाही. त्याचे दात पडत नाहीत. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला तो विसरत नाही. तो कायम एकोणपन्नास वर्षांचा, हसतमुख, गळ्यात मफलर, हातात मासा धरलेला. तो फोटो तुम्ही पाहिलाच आहे. तुम्ही सगळे तो आत्ता अंगावर घालून बसला आहात.

कारण मॉरीन चालायला लागली तेव्हा समितीने त्या फोटोचे शर्ट छापले. ग्रॅहमच्या शेवटच्या आठवड्यांत हॉस्पिसची नर्स रात्री घरी येऊन बसायची. त्यामुळे मॉरीनला झोप मिळाली, आणि जागेपणी त्याच्याशी बोलायला थोडी ताकद उरली. पैशाअभावी ती सोय बंद पडणार असं तिच्या कानावर आलं, तेव्हा देणग्या गोळा करायला तिने बूट चढवले. सेंट बीजच्या पश्चिम किनाऱ्यापासून रॉबिन हूड्स बेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत, अख्खा देश आडवा, दर वर्षी, सात वर्षं. आज कुणाच्याही घरी रात्री नर्स येऊन बसते ती तिच्या पायांवर. मी तिचा नवरा म्हणून नाही, आपल्यातला एक माणूस म्हणून तिला नमस्कार करतो.

टाळ्या वाजवा, वाजवा. मला पाणी प्यायचं आहे.

तर ती चालायची आणि मी गाडी घेऊन पुढच्या मुक्कामी थांबायचो. मोजे वाळत घालायचे, फोडांना पट्ट्या लावायच्या, थर्मासमध्ये चहा, डब्यात आल्याचा केक. मदतनीस म्हणून मलाही शर्ट मिळाला. आता या पोटावर ग्रॅहमचं तोंड किती पसरतं हे तुम्हाला दिसतंच आहे. प्रत्येक गावात कोणीतरी विचारणार, "कोण हो हे? भाऊ का तुमचे?" मी सांगायचो, "नाही, माझ्या बायकोचा नवरा." पुढे कोणी विचारत नसे. देणगी मात्र जरा जास्त टाकत.

हसा तुम्ही. मला मात्र जळफळाट व्हायचा. स्पष्टच सांगतो. व्यासपीठावरून सभ्य शब्द वापरावा असं म्हणतात, पण सभ्य शब्द मला सापडला नाही.

आणि शर्टाचं एक वेळ चाललं असतं. खरी आग होती ती दगडांची.

या वाटेची रीत तुम्हाला माहीत आहे. निघताना बूट पश्चिमेच्या समुद्रात बुडवायचे, तिथला एक खडा उचलायचा, खिशात घालून देश ओलांडायचा आणि पूर्वेच्या समुद्रात टाकायचा. ज्याच्या नावाने चाललो, त्याला तिथे सोडायचं. पहिल्या वर्षी ती घरी परतली, कोट काढला, आणि खिशातून एक लाल खडा काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. बेसिनच्या बरोब्बर वर. मी भांडी घासत होतो. मी खड्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी पातेलं घासत राहिलो. मनात म्हटलं, नाही टाकवला तिला. अख्खा देश चालून गेली, पण ग्रॅहमला सोडवेना.

पुढच्या वर्षी दुसरा. मग तिसरा. आणि मंडळी, गंमत अशी की दर वर्षीचा लाल दगड आधीच्यापेक्षा देखणा. कधी पांढरी रेघ असलेला, कधी अंड्यासारखा गुळगुळीत. मेल्यावरसुद्धा या माणसाला बढती मिळतेच आहे! मी रोज त्या खिडकीसमोर उभा राहून त्याच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, बशा घासतोय आणि तो रांगेने बसून माझ्याकडे बघतोय. खिडकी पुसताना मी कुंडी उचलायचो, साबणाची बाटली उचलायचो, दगडांना हात लावत नसे. बसू दे धूळ.

तुम्ही म्हणाल, विचारायचं होतं तिला. कसं विचारणार? हे दगड कधी काढतेस? आणि ती म्हणाली असती, कधीच नाही, तर?

मग या वसंतात समितीची बैठक झाली. अध्यक्षसाहेबांना आठवत असेल. हॉस्पिसच्या दारात ग्रॅहमच्या नावाने काहीतरी असावं असा विषय निघाला. कोणी बाक म्हणालं, कोणी गुलाबाचं झाड. मी हात वर केला. म्हटलं, मॉरीनने आणलेले दगड आहेत की, काचेच्या पेटीत ठेवा, खाली पितळी पाटी लावा. काय टाळ्या पडल्या! रेव्हरंड ज्युडिथबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. क्लिफर्डसाहेबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "नेव्हिल, मन लागतं यासाठी. फार मोठं मन."

साहेब, मन बिन काही नाही. मला खिडकी मोकळी हवी होती.

 मॉरीन उठून चहा करायला गेली. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाली, "तुला नको असतील तर देऊन टाक." मला वाटलं, बिचारी माझ्यासाठी मन मारते आहे. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

आता गेल्या आठवड्याचं. शेवटचा दिवस. दर वर्षी मी एडनाबाईंना गाडीतून तिथवर नेतो. रॉबिन हूड्स बेला गाड्या टेकडीवरच थांबतात. खाली किनाऱ्यापर्यंतचा उतार असा की माणूस चालत नाही, घसरतोच. त्या दोघी सासूसुना हातात हात घालून खाली जायच्या, मी वर थर्मास धरून थांबायचो. पार्किंगचं निमित्त सांगायचो. खरं म्हणजे दर वर्षी दुसऱ्याच्या अंत्यविधीला पाय ओले करून उभं राहायची माझी इच्छा नव्हती.

यंदा मॉरीनचा घोटा माळावर मुरगळला. एडनाबाईंचा गुडघा तर तुम्ही जाणताच. दोघींपैकी कोणी कोणाला धरायचं? शेवटी एका हाताला बायको आणि दुसऱ्या हाताला तिची पहिली सासू, अशी आमची वरात त्या गल्लीतून खाली निघाली. एडनाबाई सारख्या म्हणत होत्या, "पोरा, ब्रेक लाव, ब्रेक!"

किनाऱ्यावर मॉरीनने खिशात हात घातला आणि दोन खडे काढले. एक करडा, एक लाल. करडा एडनाबाईंना दिला. त्यांनी तो ओठांना लावून परत केला, आणि मॉरीनने तो समुद्रात टाकला. लाल खडा पुन्हा खिशात घातला.

माझा तोल गेला. म्हटलं, "अच्छा! म्हणजे आता त्याला दोन दोन?"

"कोणाला?" मॉरीन म्हणाली.

"ग्रॅहमला! एक समुद्रात, एक माझ्या खिडकीत!"

 एडनाबाई सुनेकडे वळल्या. "मॉरीन, तू याला सांगितलंच नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? त्याला कळतं सगळं. आवडत नाहीत म्हणून गप्प बसतो. देऊन टाकले ना समितीला!"

"काय आवडत नाही मला?"

"अरे गाढवा," एडनाबाई म्हणाल्या. माफ करा बाई, तुमचा शब्द जसाच्या तसा सांगतोय. "ग्रॅहमचा दगड दर वर्षी इथे पाण्यात जातो. मी या डोळ्यांनी बघते. लाल तुझा."

"माझा?"

"मग कोणाचा? ग्रॅहम त्या खिडकीशी उभा राहून भांडी घासतो का?"

 मॉरीन समुद्राकडे बघत बोलायला लागली. म्हणाली, "त्याला मी इथे सोडून जाते. तुला कशाला सोडू? तू तर वर चहा घेऊन उभा असतोस. म्हणून तुझा घरी आणते. नळाशी तूच असतोस दिवसभर, म्हटलं समोर ठेवला की विचारेल. तू पुसतोससुद्धा नाहीस. मग पुढच्या वर्षी वाटायचं, या वेळी जरा आणखी चांगला शोधू."

मंडळी, मी तिथेच मटकन खाली बसलो. इतकी वर्षं मी ज्यांच्यावर जळत होतो ते माझेच दगड होते. त्यांच्यावर धूळ मीच साठवली, आणि ती मात्र दर वर्षी आणखी चांगला शोधत राहिली.  एडनाबाईंनी काठीने ढोसलं. "ऊठ आता. लाट येतेय."

तर अध्यक्षमहाराज, आता त्या मखमलीखालच्या पेटीचं. सुंदर झाली आहे. पाटीवरची अक्षरंही सुरेख आहेत: 'ग्रॅहमच्या आठवणीत, मॉरीनने आणलेले दगड.' आणि आपण मघापासून माझ्या हातातल्या या पिशवीकडे बघत आहात. साहेब, यात दगड नाहीत. ते मी देणार नाही. काल मी ते एकेक करून धुतले, यंदाचा त्यांच्या शेजारी मांडला, आणि ते जिथे होते तिथेच राहतील. पेटी सुचवली मी, टाळ्या घेतल्या मी, आणि आता भर सभेत मीच माघार घेतो आहे. समितीला झालेल्या तसदीबद्दल मी हात जोडतो. पाटी नवी करून देणं माझ्याकडे लागलं.

पण पेटी रिकामी राहणार नाही. ही घ्या. ग्रॅहमची लोकरी टोपी. मॉरीन ती घालूनच दर वर्षी चालली. आत एडनाबाईंनी शिवलेली त्याच्या नावाची पट्टी आहे. मॉरीन आणि एडनाबाई दोघींच्या संमतीने देतोय, मी एकट्याने काही सुचवायचं मी आता सोडलं आहे. टोपी स्वच्छ आहे. सातही वर्षं मीच धुतली, दात ओठ खात, पण कोमट पाण्यात.

अध्यक्षांचे, ज्युडिथबाईंचे, केक करणाऱ्या सर्व भगिनींचे आणि इतका वेळ सोडतीची तिकिटं मुठीत धरून बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बस चालवणाऱ्याला वळणं घ्यायची सवय असते. बोलण्यात कुठे जास्त वळलो असेन, कोणाला धक्का लागला असेल, तर राग मानू नका.

जाता जाता एकच. मॉरीनचा घोटा यापुढे चालणार नाही, पण नर्सला रात्री यायचंच आहे. तेव्हा पुढच्या वर्षी मी चालणार आहे, आणि गाडी मॉरीन चालवेल. सेंट बीजला मी दोन खडे उचलीन. लाल तिचा. ती भांडी घासत नाही, म्हणून तिच्या चष्म्याशेजारी ठेवीन आणि वाट बघत बसणार नाही, लगेच सांगेन. करडा ग्रॅहमचा. तो एडनाबाईंच्या हातावर ठेवीन, आणि मग समुद्रात मी टाकीन.

ग्रॅहम, तुला आधीच सांगून ठेवतो. मी तो जरा जोरातच फेकणार आहे.