कोरा पट्टा

बुटीबोरीकडच्या शेतात माझी कशी फजिती झाली, ते ऐका. काळ्या दगडाची भुकटी मातीत टाकल्यानं हवेतला कार्बन जमिनीत मुरते का, हे आम्ही मोजून राहिलो. तुरीच्या एका पट्ट्यात भुकटी टाकली, बाजूचा तुलनेसाठी मुद्दाम कोरा ठेवला. परवा मी मापं घ्यायला गेली, तर दोन्ही पट्टे सारखेच करडे!

शेतमालकीण काकूले विचारलं, "हे कोणं केलं?"

"मीनंच टाकली वं. तिकडची तूर कशी तरारली! अन् ह्या बिचाऱ्यानं काय पाप केलं होतं?"

वर्षभराची मेहनत गेली ना! मग शेजारच्या भाऊले कोरा पट्टा मागितला.

तो म्हणे, "जागा पाहिजे तेवढी घ्या ताई. पण आमच्याकडे भुकटीवालाच पट्टा करा, कोरा दुसऱ्या कोणाले द्या."